आपण, आम्ही आणि क्वेचुआ

रानजाई

नवऱ्याच्या नोकरीपायी दीड वर्षापूर्वी पेरूच्या राजधानीत, लिमाला आलो. मागच्या जूनमध्ये त्याची बाहेरगावची कामं सुरू झाली, तेव्हा मी सहा आठवडे कुस्कोला एका घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहिले. घरमालकीण पन्नाशीची, तिची आई ऐंशीच्या पुढची. मालकीण माझ्याशी स्पॅनिश बोलायची, आईशी क्वेचुआ, म्हणजे इथली मूळ भाषा, आणि स्वतःच्या मुलांशी पुन्हा स्पॅनिश. मुलांना आजीचं सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की स्पॅनिश. परदेशातल्या मराठी घरांत जे होतं तेच. फरक एवढाच की इथे आजी तिच्या स्वतःच्याच गावात बसली होती.

आजींना सगळे 'ममाय' म्हणायचे, मीही म्हणायला लागले. वहीत क्रियापदांचे तक्ते उतरवून घोकत होते. एके दुपारी चुलीवर सूप रटरटत होतं, कोपऱ्यात गिनीपिग कुईकुई करत होते, स्वयंपाकघरात आजी आणि मी दोघीच. मी ऐटीत म्हटलं, "मिखुसाक़्कू, ममाय!" मला म्हणायचं होतं, चला, जेवू या. आजींनी डाव खाली ठेवला आणि शालीत तोंड लपवून हसत सुटल्या. मालकीण आली, तिला सांगून पुन्हा हसल्या. मी म्हटलं होतं, "आम्ही जेवतो, ममाय." आम्ही, म्हणजे तुम्ही सोडून बाकीचे. आणि बाकीचं खोलीत होतं कोण? गिनीपिग.

म्हणायला हवं होतं "मिखुसुन्चिस", आपण जेवू. स्पॅनिश माणसाकडून ही चूक झाली तर समजू शकते, त्यांच्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' दोन्हीला एकच शब्द. मराठी बाईने करावी? क्वेचुआत 'आपण' म्हणजे न्योक़ान्चिस (कुस्कोबाहेर बऱ्याच ठिकाणी न्योक़ान्चिक) आणि 'आम्ही' म्हणजे न्योक़ायकू. घर म्हणजे वासी. वासिन्चिस म्हणजे आपलं घर, वासीयकू म्हणजे आमचं घर. (क़ हा घशातून खोल काढायचा, उर्दूतल्या क़लमसारखा.)

तेव्हापासून या भाषेच्या मागे लागले आहे. जे वाचलं, विचारलं ते इथे टाकते, जाणकारांनी भर घालावी.

बोलणारे स्वतःच्या भाषेला 'रुनासिमी' म्हणतात. रुना म्हणजे माणूस, सिमी म्हणजे तोंड, आणि तोंडावरून बोली. 'क्वेचुआ' हे नाव अँडीजमधल्या मधल्या उंचीवरच्या, ना फार थंड ना फार गरम अशा खोऱ्यांच्या पट्ट्याचं. भाषेला ते नाव छापील कागदावर चिकटवलं दोमिंगो दे सांतो तोमास या पाद्र्याने. त्याने १५६० साली स्पेनमध्ये वायादोलिदला या भाषेचं पहिलं व्याकरण आणि शब्दकोश छापला. आज पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर, शिवाय कोलंबिया, अर्जेंटिना आणि चिलीच्या काही भागांत मिळून ८० लाख ते १ कोटी लोक ती बोलतात. पेरूच्या २०१७च्या जनगणनेत ३७ लाखांहून जास्त लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली.

आता मला सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट. शाळेत आपण शिकतो, इंकांची भाषा क्वेचुआ. ती इंकांनी राज्यकारभाराला वापरली हे खरंच आहे. पण भाषेचं माहेर कुस्को नाही. १९६०च्या दशकात आल्फ्रेदो तोरेरो आणि गॅरी पार्कर या दोघांनी स्वतंत्रपणे बोलींची तुलना केली आणि दोघेही एकाच ठिकाणी पोचले: सगळ्यात जुने फाटे मध्य पेरूत, आन्काश, हुआनुको, हुनीन या भागांत सापडतात. कुस्कोची बोली त्या मानाने धाकटी. इंकांचा विस्तार सुरू झाला १५व्या शतकात. तोपर्यंत ही भाषा कितीतरी शतकं डोंगरदऱ्यांतून फिरत होती.

मग आले स्पॅनिश. १५३२ साली काहामार्काला इंकांचा राजा आताहुआल्पा पकडला गेला. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत या लोकांनी क्वेचुआ जितकी पसरवली तितकी इंकांनाही जमली नसती. खेडोपाडी दहा-वीस बोली. प्रत्येकीत प्रवचन कोण देणार? त्यांनी क्वेचुआला 'सर्वसाधारण भाषा' ठरवून तिच्यातच धर्म शिकवला. १५७९ साली लिमाच्या सान मार्कोस विद्यापीठात तिचं अध्यासन निघालं. १५८४ साली लिमात स्पॅनिश, क्वेचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांत प्रश्नोत्तरांचं धर्मपुस्तक छापलं, दक्षिण अमेरिकेत छापलेलं हे पहिलं पुस्तक. शब्दांची मात्र यात पार उलथापालथ झाली. 'सुपाय' म्हणजे एक अदृश्य शक्ती, बरी किंवा वाईट. दोमिंगोच्या कोशात देवदूतासाठी 'चांगला सुपाय' आणि सैतानासाठी 'चांगला नसलेला सुपाय' असे शब्द आहेत. पुढच्या पाद्र्यांनी चांगला काढून टाकला. आज सुपाय म्हणजे फक्त सैतान.

आणि मग त्याच राजवटीने भाषा मोडायला घेतली. १७७० साली तिसऱ्या कार्लोस राजाचा हुकूम निघाला की वसाहतींतल्या वेगवेगळ्या भाषा एकदाच्या नाहीशा व्हाव्यात आणि फक्त स्पॅनिश राहावी. १७८०ला दुसऱ्या तुपाक आमारूचं बंड झालं. ते मोडल्यावर मे १७८१मध्ये कुस्कोच्या चौकात त्याला कुटुंबासकट मारलं. आरेचे नावाच्या अधिकाऱ्याने दिलेला तो निकाल वाचताना अंगावर काटा येतो. त्यात माणसांच्या शिक्षा आहेतच, पण इंकांचे कपडे, त्यांची चित्रं, त्यांची नाटकं यांवरही बंदी आहे. 'पुतुतू' नावाचे शंख फुंकायचे नाहीत, कारण त्यांचा आवाज विचित्र आणि शोकाकुल आहे. आणि चार वर्षांत सगळ्यांनी स्पॅनिश शिकायचं.

ज्या शहरातून स्पॅनिश इथला कारभार हाकायचे त्याचं नाव लिमा. रिमाक़ नदीवरून पडलेलं, किनाऱ्यावरच्या उच्चारात लिमाक़. अर्थ: बोलणारा.

चिंचगूळ

गिनीपिगांना आमंत्रण! ऑफिसात फिस्सकन हसले, शेजारची बघायला लागली.

वाचतेय, अजून लिही. व्याकरण कसं असतं? स्पॅनिशसारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग वगैरे?

रानजाई

लिंगभेद अजिबात नाही! माझ्यासाठी हे मोठंच सुख. वाक्याची रचनाही आपली, कर्ता-कर्म-क्रियापद. न्योक़ा त'अन्ताता मिखुनी, मी पाव खाते. प्रत्यय मागून एकामागोमाग एक लागत जातात. वासी घर, वासीय माझं घर, वासीयकुना माझी घरं, वासीयकुनापी माझ्या घरांमध्ये. आगगाडीचे डबे जोडावेत तसं.

घोळ उच्चारांत. कुस्कोत 'तन्ता' म्हणजे एकत्र जमलेलं, 'थन्ता' म्हणजे जुनंपुराणं, फाटकं आणि 'त'अन्ता' म्हणजे पाव. पहिले दोन मराठी माणसाला फुकटात जमतात, त आणि थ. स्पॅनिश बोलणाऱ्यांना त्यातही फरक ऐकू येत नाही. तिसऱ्यात श्वास अडवून त फट्‌दिशी सोडायचा. महिनाभर बेकरीत जाऊन मी बहुतेक फाटका पाव मागत होते.

पाणिनीचा_शेजारी

छान धागा. दोन-तीन गोष्टींची भर.

क्वेचुआ ही एक भाषा म्हणण्यापेक्षा भाषांचं कुटुंब म्हणणं बरं. आन्काशचा शेतकरी आणि कुस्कोचा शेतकरी आपापल्या बोलीत बोलायला लागले तर चटकन समजणार नाही. तोरेरोंनी त्यांचे क्वेचुआ १ आणि क्वेचुआ २ असे दोन मोठे गट केले. पहिला मध्य पेरूतला. दुसरा उत्तरेला इक्वेडोर-कोलंबियापर्यंत आणि दक्षिणेला बोलिव्हिया-अर्जेंटिनापर्यंत पसरलेला. इंकांच्या आधी ती कोणी पसरवली यावर वाद आहे. तोरेरोंचा भर किनाऱ्यावरच्या चिंचा या ठिकाणच्या व्यापाऱ्यांवर होता. अलीकडे काहीजण सातव्या ते दहाव्या शतकांतल्या वारी राज्याकडे बोट दाखवतात.

'आपण/आम्ही' भेदाबद्दल: हिंदीत तो नाही, गुजरातीत आहे, तमिळ-तेलुगूत आहे. मराठी-गुजरातीत तो द्राविडी शेजारामुळे आला असं सहसा मानतात.

क्वेचुआत आणखी एक गंमत आहे, ती मराठी माणसाला लगेच कळेल. पाराशानमी: पाऊस पडतोय, मला माहीत आहे, डोळ्यांनी बघतोय. पाराशानसी: पाऊस पडतोय म्हणे. पाराशानचा: पडत असेल बुवा. शेवटचा मी, सी, चा हा तुमच्या माहितीचा दाखला. इंग्रजीत हे सांगायला अख्खं वाक्य लागतं. आपण 'म्हणे' म्हणून मोकळे होतो. लोककथा सगळ्या 'सी'मध्ये चालतात, कारण सांगणारा तिथे नव्हता.

चिंचगूळ

चिंचांचे व्यापारी!! मी धाग्यावर हक्क सांगत आहे.

आणि आमच्या आत्याचं सगळं बोलणं 'सी'मध्येच असतं. "तिचं लग्न मोडलं म्हणे."

घाटावरचा

रोचक. पण मूळ संस्कृतच असणार असं वाटतं. ममाय = माय. इंती म्हणजे सूर्य, आपला इंद्र. आणि त्यांच्याकडे 'राम-सितवा' नावाचा सण होता हे तर इंग्रजांनीही लिहून ठेवलंय. आमच्या ग्रुपवर सविस्तर आलं होतं.

पाणिनीचा_शेजारी

घाटावरचे, राम-सितवाची गोष्ट ग्रुपपेक्षा बरीच जुनी आहे. १८व्या शतकात विल्यम जोन्स या मोठ्या इंग्रज संस्कृत पंडितांनीच ती लिहिली, की पेरूचे लोक आपल्या सगळ्यात मोठ्या सणाला रामसितोआ म्हणतात. त्यांच्या हाती आली होती दुसऱ्या-तिसऱ्या हाताची माहिती. मुळात ते दोन वेगळे शब्द. 'रायमी' म्हणजे सण. 'सितवा' म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी रोगराई गावाबाहेर घालवण्याचा विधी. दोन्ही शेजारी लिहिले की राम-सीता झाले. इंती रायमी, सूर्याचा सण, १९४४ पासून कुस्कोत पुन्हा सुरू झाला आहे, दरवर्षी २४ जूनला असतो. धागाकर्तीने बघितला असेल.

मामा-माय-मम्मी हे जगभर सापडतं. ओठ मिटून उघडले की बाळ म म करतंच. त्यावरून नातं जोडायचं तर सगळेच आपले भाऊबंद. एक ते दहा म्हणून बघा: हुक, इस्काय, किम्सा, तावा, पिच्क़ा, सोक़्ता, क़ान्चिस, पुसाक़, इस्क़ोन, चुन्का. कुठे दिसतंय संस्कृत?

घाटावरचा

ठीक आहे, माघार. विल्यम जोन्सनेही माती खाल्ली होती, म्हणजे मी चांगल्या संगतीत आहे.

वसईचा_वारा

आम्ही वसईकडचे ख्रिस्ती, त्यामुळे पाद्र्यांचा भाग दोनदा वाचला. आपण-आम्ही वरून एक सुचलं. आमची प्रार्थना "हे आमच्या स्वर्गातील पित्या" अशी सुरू होते. 'आपल्या' कधीच नाही. लहानपणी मी एकदा "आपल्या स्वर्गातील पित्या" म्हटलं तर आजी म्हणाली, "अरे, त्याच्याशीच बोलतोयस ना? मग तो कसा 'आपल्यात' येईल? देवाला स्वतःचाच बाप करतोस काय?" व्याकरण न शिकलेली बाई. क्वेचुआत हा प्रश्न आला असणारच. काय केलं त्यांनी?

रानजाई

वारा, तुमच्या आजींना साष्टांग!

अगदी तेच केलं. क्वेचुआ प्रार्थनेचा पहिला शब्द आहे 'यायायकू'. याया म्हणजे बाप, यकू म्हणजे आमचा. यायान्चिस म्हटलं असतं तर देव स्वतःच्या बापाला हाक मारतोय असं झालं असतं. प्रवचनात लोकांसमोर देवाबद्दल बोलताना मात्र न्चिक, कारण तेव्हा ऐकणारे 'आपल्यात'. स्पॅनिशमध्ये विचार करणाऱ्या त्या पाद्र्यांना दर वाक्याला ठरवावं लागलं असेल, की मी यांना धरून बोलतोय की सोडून.

मांडवी_काठ

हा सगळा इतिहास वाचताना मला गोवा दिसत होता. आधी शिकायचं, मग मारायचं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण मराठीत, छापलं १६१६ला राचोलला. त्यांचंच कोकणीचं व्याकरण १६४०ला, त्यांच्या मागे. आणि १६८४ साली व्हाइसरॉयचा हुकूम: तीन वर्षांत कोकणी सोडा आणि पोर्तुगीज बोला. गोव्यात तीन वर्षं, कुस्कोत चार.

हा नुसता योगायोग समजू नका. १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगालची गादी एकाच राजाकडे होती. म्हणजे १५८४ला लिमात ते तीनभाषी पुस्तक छापलं तेव्हा जुन्या गोव्याचा आणि लिमाचा मालक एकच, दुसरा फिलिप. लोकांच्या भाषेत धर्म शिकवा, हा चर्चचा तेव्हाचा विचार दोन्हीकडे एकाच वाऱ्याने आला. पुस्तकं जाळणारे आणि कोश लिहिणारे बऱ्याचदा एकाच मठात जेवत.

अवांतर: २०२२च्या मे महिन्यात गूगल ट्रान्सलेटने ज्या २४ भाषा एकदम घेतल्या त्यांत कोकणीही होती आणि क्वेचुआही. एकाच गाडीने आलो.

निळावंती

मांडवी, प्रतिसाद आवडला. 'बऱ्याचदा एकाच मठात' जरा सढळ हाताने लिहिलंय, पण मुद्दा पोचला.

त्याच काळातला एक माणूस इथे यायलाच हवा: ग्वामान पोमा दे आयाला. स्थानिक खानदानी घरातला, लिहायला-वाचायला शिकलेला, पाद्र्यांसोबत दुभाष्या म्हणून हिंडलेला. १६१५च्या सुमाराला त्याने स्पेनच्या राजाला जवळजवळ १२०० पानांचं एक पत्र लिहिलं. स्पॅनिश मोडकी, मधे मधे क्वेचुआ, आणि जवळपास ४०० पानभर चित्रं. खाणमालक, पाद्री, अंमलदार लोकांना कसे छळतात ते एकेक चित्र काढून दाखवलंय. राजाने वाचल्याचं काही दिसत नाही. १९०८ साली ते हस्तलिखित सापडलं कोपनहेगनच्या शाही ग्रंथालयात! आज त्याची सगळी पानं जालावर बघता येतात. नांगरणी-पेरणीची चित्रं जरूर बघा, बारा महिन्यांची आहेत.

टपरीवरचा_चहा

मी कुठेतरी वाचलं होतं की अँडीजमधल्या लोकांसाठी भूतकाळ पुढे असतो आणि भविष्य मागे. हे खरं की पर्यटकांना सांगायची गोष्ट?

रानजाई

शब्द तरी तसे आहेत. 'न्याउपा' म्हणजे समोरचं आणि पूर्वीचं. 'खिपा' म्हणजे पाठीमागचं आणि नंतरचं. घडून गेलेलं दिसतं, म्हणून डोळ्यांसमोर. येणारं दिसत नाही, म्हणून पाठीशी. आपण बरोबर उलटं, "मागे एकदा" आणि "पुढे बघू".

पाणिनीचा_शेजारी

उलटं कसं? 'पूर्व' म्हणजे मुळात समोरची दिशा, सूर्याकडे तोंड केलं की समोर येते ती. त्यावरूनच 'पूर्वी'. 'पश्चात' म्हणजे पाठीमागे, त्यावरून पश्चिम, आणि 'मृत्यूपश्चात' म्हणजे नंतर. दोन्ही रीती आपल्याच तोंडात आहेत, दिवसभर वापरतो. त्यामुळे काळाची काही गूढ विद्या म्हणून त्याकडे बघू नये.

टपरीवरचा_चहा

च्यायला! पूर्वीचा पूर्वेशी संबंध आहे हे चाळिसाव्या वर्षी कळतंय.

चिंचगूळ

बोलणारे इतके लाखो आहेत, तर मग प्रकरण अवघड का आहे? पेपर, पुस्तकं, टीव्ही काय परिस्थिती?

रानजाई

कागदावर बरंच आहे. १९७५ साली वेलास्को यांच्या लष्करी सरकारने क्वेचुआला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केलं. त्याच वर्षी वेलास्कोंची सत्ता गेली आणि उत्साहही ओसरला. बोलिव्हियाच्या २००९च्या घटनेत स्पॅनिशसोबत ३६ मूळ भाषा राजभाषा आहेत. २०१९ साली सान मार्कोस विद्यापीठात रोक्साना किस्पे कोयान्तेस यांनी पीएचडीचा प्रबंध पहिल्यांदाच क्वेचुआत लिहिला आणि तोंडी परीक्षाही क्वेचुआतच दिली. विद्यापीठ स्थापन झालं १५५१ला, तेव्हा हिशेब करा. डिसेंबर २०१६ मध्ये पेरूच्या सरकारी वाहिनीवर पहिल्या क्वेचुआ बातम्या सुरू झाल्या. कार्यक्रमाचं नाव 'न्योक़ान्चिक'. आपण!

घरात मात्र चित्र वेगळं. मालकीण म्हणाली, तिच्या वेळी शाळेत क्वेचुआ शब्द तोंडातून निघाला तर पट्टी बसायची. डोंगरातून आलेला पोरगा म्हणून स्पॅनिश उच्चारांवरून हसायचे ते वेगळंच: क्वेचुआत मुळात आ, इ, उ तीनच स्वर, त्यामुळे स्पॅनिश बोलताना ए चा इ होतो आणि ओ चा उ. त्यावरून माणूस ओळखतात आणि एका वाक्यात त्याची पायरी ठरवतात. म्हणून तिने मुलांशी क्वेचुआ बोलायचं नाही असं ठरवलं. तिला दोष द्यायची माझी हिंमत नाही.

निळावंती

ही पायरी ठरवण्याची गोष्ट किती भयंकर होऊ शकते तेही नोंदवते. १९८० ते २००० या काळात 'चमकता मार्ग' ही माओवादी संघटना आणि सरकारी फौजा यांच्यात पेरूची खेडी भरडली गेली. सत्य आणि सलोखा आयोगाचा अहवाल २००३ साली आला. मृत आणि बेपत्ता मिळून अंदाज ६९ हजारांच्या वर. त्यातल्या दर चारांतले तीन क्वेचुआ किंवा दुसरी एखादी मूळ भाषा बोलणारे. देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा एवढा मोठा नव्हता. इतकी माणसं गेल्याचा राजधानीला पत्ता लागायला अहवाल यावा लागला.

पाणिनीचा_शेजारी

तीन स्वरांवरून पेरूत मोठी भांडणं आहेत, तीही सांगून टाकतो. क़ च्या शेजारी इ चा उच्चार ए सारखा आणि उ चा ओ सारखा होतो. सरकारने १९८५ साली ठरवलं की लिहायचे तीनच स्वर, उच्चार आपोआप होतो. कुस्कोची क्वेचुआ अकादमी म्हणते पाच लिहा, ऐकू येतात ना! भाषातज्ज्ञ म्हणतात, तुम्हाला ऐकू येतात कारण तुम्ही स्पॅनिशही बोलता. आपण 'चाक' आणि 'चार' एकाच च ने लिहितो आणि वाचताना अडत नाही, साधारण तशातलं. (तुलना तंतोतंत नाही, ठाऊक आहे, शुद्धलेखनवाल्यांनी धावून येऊ नये.)

या भांडणात कुस्कोच्या नावाचं स्पेलिंगही सापडलं. १९९०मध्ये तिथल्या नगरपालिकेने ते 'क़ोस्क़ो' करून टाकलं. आणि "कुस्को म्हणजे जगाची बेंबी" हे तुम्हाला प्रत्येक गाइड सांगेल. ते गार्सिलासो दे ला वेगा या इतिहासकाराने १६०९ साली लिहिलं, तेव्हापासून चालू आहे. सेर्रोन-पालोमिनो या पेरूच्या भाषातज्ज्ञांचं म्हणणं, शब्द क्वेचुआ नाहीच, आयमारा आहे, आणि मूळ अर्थ घुबडाचा खडक. त्यांच्या मते इंकांचे पूर्वज आधी पुकिना बोलत, मग आयमारा, आणि क्वेचुआवर आले ते शेवटी. पुकिना आता मेली. बोलिव्हियातले कायावाया वैदू औषधपाण्याच्या वेळी जी गुप्त बोली वापरतात तिच्यात तिचे शब्द उरलेत, व्याकरण क्वेचुआचं.

घाटावरचा

म्हणजे इंकांची भाषा इंकांची नव्हती, त्यांच्या राजधानीचं नावही त्यांच्या भाषेतलं नव्हतं, आणि ती भाषा पसरवली स्पॅनिशांनी. शाळेच्या पुस्तकात एक ओळ होती, तीही गेली.

कोरडवाहू

मी शेतकरी माणूस, भाषेतलं कळत नाही. बटाट्याचं सांगा. तो तिकडचाच ना? मग बटाटा हा शब्द क्वेचुआ का?

रानजाई

नाही हो, तिथेच गंमत आहे. क्वेचुआत बटाटा म्हणजे 'पापा'. 'बटाटा' आपल्याकडे आला पोर्तुगिजांबरोबर, आणि तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला, अर्थ रताळं. म्हणजे अँडीजचं पीक आपण रताळ्याच्या नावाने खातो. ल्यामा, पुमा, कोंडोर, किनोआ, कोका, पाम्पा हे मात्र क्वेचुआतूनच जगभर गेलेले.

लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात ४ हजारांहून जास्त देशी वाण जपलेत. आजींकडचं वाळवणही बघण्यासारखं. त्याला 'च'उन्यु' म्हणतात. जूनच्या कडक थंडीत बारके बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे, ते गोठतात. दिवसा उन्हात सुटले की अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं. पुन्हा रात्र, पुन्हा ऊन, असं काही दिवस. शेवटी सुपारीसारखे खडखडीत होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. त्या दिवशीचं सूप त्याचंच होतं. चव? खरं सांगू, पहिल्यांदा ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. तिसऱ्या वेळेपासून मागून घ्यायला लागले.

आणि एक वाण आहे, गाठीगाठीचा, अननसासारखा खवल्याखवल्यांचा. सोलायला बसलं की जीव जातो. नाव 'क़ाचुन वक़ाची', सुनेला रडवणारा. नवी सून आली की सासू तो सोलायला देते आणि बघते पोरगी किती कामाची.

चिंचगूळ

हे वाण आमच्याकडे आलं नाही हे नशीब. तुझ्या आजींनी कोणाला रडवलं का, विचारलंस?

रानजाई

काल फोन केला होता, विचारलं. म्हणाल्या, "मला मुलगा नाही, सून कुठली? जावयाला दिला होता." मी विचारलं, मग रडला का? म्हणाल्या, "वक़ारक़ानमी."

शेवटी 'मी' आहे. 'सी' नाही.